चिंतनशील रोजनिशी (समाजकार्य शिक्षण)

चिंतनशील रोजनिशी म्हणजे समाजकार्याच्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याच्या काळात आलेले अनुभव, त्या वेळी मनात उमटलेले विचार व भावना, घेतलेले निर्णय आणि त्या निर्णयांमागील गृहीतके यांचे नियमितपणे केलेले लेखन होय. समाजकार्य शिक्षणात वर्गातील अध्यापनाइतकेच महत्त्व संस्था, वस्ती, रुग्णालय, शाळा, न्यायालय किंवा गाव येथे प्रत्यक्ष काम करण्याला असते. या कामातून मिळणारा अनुभव आपोआप ज्ञानात रूपांतरित होत नाही. त्यासाठी अनुभवाकडे मागे वळून पाहावे लागते. असे पाहण्याचे लिखित साधन म्हणून ही रोजनिशी वापरली जाते. समाजकार्याखेरीज परिचर्या, अध्यापक शिक्षण, वैद्यकीय शिक्षण आणि समुपदेशन या क्षेत्रांतही तिचा वापर होतो.

## संज्ञा आणि स्वरूप

मराठीत या लेखनासाठी चिंतनशील रोजनिशी, चिंतनात्मक दैनंदिनी, अनुभवनोंद अशा विविध संज्ञा वापरल्या जातात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'जर्नल' हा शब्द रूढ आहे. क्षेत्रकार्यात विद्यार्थी अनेक प्रकारचे लेखन करतो. चिंतनशील रोजनिशी त्या सर्वांपासून वेगळी ओळखता येते.

* '''क्षेत्रकार्य अहवाल''' : कोणत्या दिवशी किती तास काम केले, कोणाला भेटले, कोणती कामे पूर्ण झाली आणि पुढील आठवड्याचे नियोजन काय, याची अधिकृत नोंद. हा अहवाल महाविद्यालयाच्या दप्तरी राहतो.
* '''प्रक्रिया नोंद''' : सेवार्थीशी झालेली मुलाखत किंवा गटाची बैठक जशी घडली तशी, शक्यतो संवादाच्या क्रमाने, आठवून लिहिलेली नोंद. व्यक्तिसहाय्य कार्य व गटकार्य यांच्या अध्यापनात ही जुनी पद्धत आहे.
* '''प्रकरण नोंद''' : सेवार्थीच्या संदर्भात संस्थेने ठेवलेली नोंद. ती संस्थेच्या मालकीची असून सेवार्थीला मिळणाऱ्या सेवेचा आधार असते.
* '''चिंतनशील रोजनिशी''' : या सर्व कामात विद्यार्थी स्वतः कसा वागला, त्याने काय पाहिले, काय त्याच्या नजरेतून सुटले आणि का, याचा शोध.

पहिल्या तीन प्रकारांत लेखनाचा विषय काम किंवा सेवार्थी असतो. रोजनिशीत काम करणारा स्वतः अभ्यासाचा विषय होतो. समाजकार्यात व्यावसायिकाचे बोलणे, ऐकणे, थांबणे आणि नाते जोडणे हीच प्रमुख साधने असल्यामुळे या साधनांची पारख करणे शिक्षणाचा भाग मानले जाते.

## वैचारिक पार्श्वभूमी

चिंतनातून शिक्षण या कल्पनेची आधुनिक मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या 'हाऊ वुई थिंक' (१९१०) या ग्रंथात आढळते. एखादी समजूत स्वीकारण्यापूर्वी तिला कोणता आधार आहे आणि तिच्यातून कोणते निष्कर्ष निघतात याचा सक्रिय व चिकाटीने केलेला विचार, असे चिंतनाचे स्वरूप त्यांनी सांगितले. विचाराची सुरुवात अडचणीतून, गोंधळातून किंवा शंकेतून होते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील सर्व मांडण्यांचा पाया ठरले. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ड्यूई यांचे विद्यार्थी होते.

१९७४ मध्ये ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी व्यावसायिकाचे 'सांगितलेले तत्त्व' आणि त्याच्या कृतीतून दिसणारे 'वापरातील तत्त्व' यांत फरक केला. आपण सेवार्थीच्या निर्णयस्वातंत्र्याचा आदर करतो असे सांगणारा कार्यकर्ता प्रत्यक्ष संभाषणात सल्लेच देत असेल, तर हा फरक त्याला सहसा स्वतःहून दिसत नाही. शॉन यांनी 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' (१९८३) या ग्रंथात 'कृती करतानाचे चिंतन' आणि 'कृतीनंतरचे चिंतन' अशा दोन संकल्पना मांडल्या. व्यावसायिकांसमोर येणारे महत्त्वाचे प्रश्न पुस्तकी तंत्रांनी सुटण्याजोगे नसतात. ते अस्पष्ट, गुंतागुंतीचे आणि मूल्यसंघर्षाने भरलेले असतात, असे त्यांचे म्हणणे होते. रोजनिशी ही मुख्यतः कृतीनंतरच्या चिंतनाचे साधन आहे, परंतु तिच्या सरावाने काम करता करता स्वतःकडे पाहण्याची सवय लागावी अशी अपेक्षा असते.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित शिक्षणाचे चक्र मांडले. त्यात प्रत्यक्ष अनुभव, चिंतनपूर्वक निरीक्षण, संकल्पनांची मांडणी आणि नव्या परिस्थितीतील प्रयोग हे चार टप्पे आहेत. डेव्हिड बाऊड, रोझमेरी किओ आणि डेव्हिड वॉकर यांनी १९८५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात अनुभवाकडे परतणे, भावनांची दखल घेणे आणि अनुभवाचे पुनर्मूल्यांकन करणे या तीन क्रियांवर भर दिला. भावनांना वगळून केलेले चिंतन अपुरे राहते, हा त्यांच्या मांडणीचा विशेष होय.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्या विचारांतून या परंपरेला राजकीय परिमाण मिळाले. चिंतन आणि कृती एकमेकांपासून तोडता येत नाहीत, तसेच चिंतनाचा विषय केवळ व्यक्ती नसून तिला घडवणारी सत्तारचना असते, असे त्यांनी मांडले. समाजकार्याच्या क्षेत्रात ऑस्ट्रेलियातील अभ्यासक जॅन फुक यांनी 'चिकित्सक चिंतना'ची मांडणी केली. व्यावसायिकाच्या गृहीतकांमध्ये समाजातील प्रबळ विचार कसे दडलेले असतात, हे उलगडणे त्यांच्या पद्धतीच्या केंद्रस्थानी आहे.

## समाजकार्य शिक्षणातील स्थान

समाजकार्याच्या औपचारिक प्रशिक्षणाची सुरुवात १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने भरवलेल्या उन्हाळी वर्गापासून मानली जाते. मेरी रिचमंड यांच्या 'सोशल डायग्नोसिस' (१९१७) या ग्रंथाने माहिती गोळा करणे, तिची पडताळणी करणे आणि तिच्यावरून अनुमान काढणे या क्रियांना शिस्त दिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रक्रिया नोंदी आणि त्यांवरील पर्यवेक्षकाची चर्चा ही प्रशिक्षणाची मुख्य पद्धत बनली. चिंतनशील रोजनिशी या परंपरेत शॉन यांच्या ग्रंथानंतर अधिक ठळकपणे आली. अमेरिकेतील समाजकार्य शिक्षण परिषदेने २००८ च्या शैक्षणिक मानकांत क्षेत्रशिक्षण ही या व्यवसायाची ओळख ठरणारी अध्यापनपद्धती असल्याचे नमूद केले.

### भारत

भारतात व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाचा आरंभ १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेपासून झाला. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्यापूर्वी नागपाडा नेबरहूड हाऊस या वस्तीकेंद्राचे काम पाहत होते. त्यामुळे वस्तीतील प्रत्यक्ष काम आणि शिक्षण यांचा संबंध या संस्थेच्या उगमातच आढळतो. १९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) असे झाले. त्यानंतर महाराष्ट्रात मुंबईचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या.

भारतातील बहुतेक अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य पुढील स्वरूपांत असते.

* '''परिचय भेटी''' : अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला विविध संस्थांना दिलेल्या भेटी.
* '''वर्गाबरोबरचे क्षेत्रकार्य''' : आठवड्यातील काही दिवस वर्ग व ठरावीक दिवस, सामान्यतः दोन, संस्थेत किंवा वस्तीत काम.
* '''ग्रामीण शिबिर''' : गावात किंवा आदिवासी पाड्यावर काही दिवस एकत्र राहून केलेला अभ्यास व काम.
* '''सलग क्षेत्रकार्य''' : अभ्यासक्रमाच्या अखेरीस काही आठवडे एखाद्या संस्थेत पूर्णवेळ काम.

विद्यार्थ्याला महाविद्यालयातील पर्यवेक्षक आणि संस्थेतील मार्गदर्शक असे दोघांचे मार्गदर्शन मिळते. आठवड्याचा अहवाल, वैयक्तिक चर्चा आणि समूह चर्चा हे या व्यवस्थेचे नेहमीचे घटक आहेत. चिंतनशील लेखन काही संस्थांत स्वतंत्र वहीत, तर काही ठिकाणी साप्ताहिक अहवालातील 'स्वतःविषयीचे शिक्षण' किंवा 'निरीक्षण व विश्लेषण' अशा शीर्षकाखाली केले जाते. दुसऱ्या प्रकारात हा भाग अहवालाच्या शेवटी दोन-चार ओळींत उरकला जाण्याचा संभव अधिक असतो.

## रचना

रोजनिशीचा एकच ठरलेला साचा नाही. अध्यापनात पुढील नमुने विशेष प्रचलित आहेत.

'''गिब्ज यांचे चक्र.''' ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या चक्रात वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा असे सहा टप्पे आहेत. क्रम स्पष्ट असल्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्यांना ते सोयीचे वाटते. तथापि सर्व टप्प्यांना सारखीच जागा दिल्यास लेखन प्रश्नोत्तरासारखे होते आणि विश्लेषणाचा भाग आक्रसतो.

'''तीन प्रश्नांची पद्धत.''' काय घडले, त्याचा अर्थ काय आणि आता पुढे काय, या तीन प्रश्नांभोवती लेखन केले जाते. टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये वापरलेल्या या प्रश्नांचा पुढे परिचर्येच्या क्षेत्रात गॅरी रॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्तार केला.

'''कळीचा प्रसंग.''' संपूर्ण दिवसाचे वर्णन न करता मनात रुतून राहिलेला एकच प्रसंग निवडला जातो. प्रसंग मोठा असण्याची गरज नसते. संभाषणात अचानक पडलेली शांतता, सेवार्थीने परत न केलेला फोन किंवा स्वतःला आलेला राग हेही पुरेसे असते.

'''दुपाखी नोंद.''' वहीच्या एका पानावर जे पाहिले व ऐकले ते लिहिले जाते आणि समोरच्या पानावर त्याचा लावलेला अर्थ. निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ टाळण्यासाठी ही पद्धत उपयुक्त ठरते. 'वडील दारात उभे राहिले, आत बोलावले नाही' हे निरीक्षण आहे. 'वडील सहकार्य करीत नाहीत' हे अनुमान आहे.

नोंद कामाच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी करावी असे सुचवले जाते, कारण कालांतराने स्मृती प्रसंगाला सुसंगत गोष्टीचे रूप देते आणि अडचणीचे तपशील गळून पडतात. काही आठवड्यांनी जुन्या नोंदी पुन्हा वाचून त्यांवर टिपण लिहिणे हाही पद्धतीचाच भाग आहे. एकेका नोंदीत न दिसणारी पुनरावृत्ती अशा वाचनात दिसते. उदाहरणार्थ, वस्तीतील महिलांशी झालेल्या संभाषणांच्या नोंदी भरपूर आणि पुरुषांच्या जवळपास नाहीत, किंवा विद्यार्थी प्रत्येक अवघड प्रसंगी माहितीपत्रक वाटून बाहेर पडला आहे.

## चिंतनाच्या पातळ्या

नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९९५ मध्ये अध्यापक शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या लेखनाचे चार प्रकार सांगितले. केवळ वर्णन, कारणांसह वर्णन, स्वतःशी संवाद साधत केलेले चिंतन आणि व्यापक सामाजिक संदर्भ लक्षात घेणारे चिकित्सक चिंतन, असे ते प्रकार होत. समाजकार्य शिक्षणातही हे वर्गीकरण वापरले जाते.

या पातळ्यांमधील फरक पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. महापालिकेच्या शाळेत क्षेत्रकार्य करणारी एक विद्यार्थिनी सहावीतील सतत गैरहजर असणाऱ्या मुलाच्या घरी संध्याकाळी भेट देते. त्याची आई धुण्याभांड्याची कामे करते. विद्यार्थिनी तिला शिक्षणाचे महत्त्व सांगते. आई 'हो, पाठवते' म्हणते आणि गप्प होते. मुलगा पुढील आठवड्यातही शाळेत येत नाही.

'''वर्णनात्मक नोंद''' : गृहभेट दिली. पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागृती नाही. आईचे समुपदेशन केले. पाठपुरावा आवश्यक.

'''कारणांसह नोंद''' : आई बोलायला फारशी उत्सुक नव्हती. कदाचित ती थकलेली असावी. ओळख नसल्यामुळे तिला संकोच वाटला असेल. पुढच्या वेळी आधी विश्वास संपादन करायला हवा.

'''संवादी नोंद''' : ती गप्प झाली तेव्हा मी अधिकच बोलू लागले. ती शांतता मला सहन होत नव्हती. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. 'हो' हे उत्तर मला निरोप देण्यासाठी होते का? मुलाच्या कडेवर लहान बहीण होती, हे मी पाहिले. पण त्याचा अर्थ घरी आल्यावर लिहिताना लक्षात आला.

'''चिकित्सक नोंद''' : मी नळाला पाणी येण्याच्या वेळी गेले होते. तिच्या दारात रिकामे हंडे होते आणि मी तिला उभे करून शिक्षणाचे महत्त्व सांगत होते. अंगणवाडी दुपारी सुटते, ती कामावरून संध्याकाळी येते. मधल्या वेळात लहान मुलीला कोण सांभाळणार, याचे उत्तर तो मुलगा आहे. आमच्या घरी हा प्रश्न आजीने आणि कामाला येणाऱ्या बाईंनी सोडवला होता, म्हणून तो मला प्रश्न वाटला नाही. 'जागृती नाही' हे मी घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरवले होते.

या नोंदींमधील फरक पुढील कृतीतही उतरतो. पहिल्या नोंदीवरून पालकांसाठी जागृती मेळावा घेण्याचे नियोजन होईल आणि ही आई बहुधा त्याला येणार नाही. शेवटच्या नोंदीवरून विद्यार्थिनी आईला सोयीची वेळ विचारेल, मुलाशी स्वतंत्रपणे बोलेल, वस्तीत पाळणाघराची सोय आहे का हे पाहील आणि इतर गैरहजर मुलांच्या घरीही लहान भावंडे आहेत का याची चौकशी करील. एका कुटुंबाचा दोष म्हणून नोंदवलेली गोष्ट त्यामुळे वस्तीच्या प्रश्नाच्या रूपात पुढे येऊ शकते.

## पूर्वग्रह आणि सामाजिक स्थान

विद्यार्थी ज्या जात, वर्ग, लिंगभाव, धर्म व प्रदेश यांच्या चौकटीत वाढलेला असतो तिचा त्याच्या निरीक्षणावर परिणाम होतो. कोणते घर 'अस्वच्छ' वाटते, कोणाचे बोलणे 'उद्धट' वाटते, कोणत्या घरातील पाणी पिताना हात अडखळतो, यांसारख्या गोष्टी अधिकृत अहवालात येत नाहीत. भारतीय संदर्भात रोजनिशीचे वेगळे मोल याच ठिकाणी असल्याचे मानले जाते.

हा परिणाम एकाच दिशेचा नसतो. वंचित समूहातून आलेल्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यात स्वतःच्या घरचीच परिस्थिती पुन्हा समोर दिसू शकते. सेवार्थीच्या दुःखाशी तो इतका एकरूप होऊ शकतो की स्वतःचा अनुभव कुठे संपतो व त्याचा कुठे सुरू होतो हे कळत नाही. संस्थेतील कर्मचाऱ्यांकडून त्यालाच भेदभावाची वागणूक मिळण्याचीही शक्यता असते. अशा अनुभवांना शब्द देणे हे चिंतनाचे काम असले, तरी भेदभावाची तक्रार रोजनिशीत लिहून मिटत नाही. तिची दखल घेणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी राहते.

## भाषा

महाराष्ट्रातील विद्यार्थी क्षेत्रकार्यात मराठी, हिंदी, अहिराणी, गोंडी अशा भाषांत किंवा बोलींत ऐकतात आणि अनेक संस्थांमध्ये अहवाल इंग्रजीत लिहितात. या भाषांतरात अर्थाची गळती होते. 'जीव घाबरा होतो', 'डोक्याला ताप आहे', 'मन लागत नाही' या तक्रारींचे रूपांतर घाईने एखाद्या मानसशास्त्रीय संज्ञेत केल्यास सेवार्थीचे म्हणणे बदलते. 'टेन्शन' हा शब्द तर सावकाराच्या तगाद्यापासून दीर्घकाळच्या नैराश्यापर्यंत सर्व काही सांगण्यासाठी वापरला जातो. त्याचा त्या क्षणी असलेला अर्थ विचारूनच कळतो.

त्यामुळे सेवार्थीचे महत्त्वाचे शब्द त्याच्याच भाषेत नोंदवावेत आणि त्यांचा अर्थ स्वतंत्रपणे लिहावा, अशी शिफारस केली जाते. विद्यार्थ्यानेही स्वतःच्या भावनांविषयी ज्या भाषेत तो विचार करतो त्याच भाषेत लिहिणे हिताचे ठरते. परक्या भाषेत लिहिताना तयार वाक्ये हाताशी येतात आणि 'मला खूप काही शिकायला मिळाले' यासारख्या विधानांनी नोंद भरते.

## पर्यवेक्षणाशी संबंध

आल्फ्रेड कडुशिन यांनी समाजकार्यातील पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारी अशी तीन कार्ये सांगितली. रोजनिशीचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या कार्याशी आहे. पर्यवेक्षक नोंदी वाचून प्रश्न विचारतो, दुर्लक्षित राहिलेला तपशील दाखवतो आणि वर्गात शिकलेल्या सिद्धान्ताशी अनुभवाची सांगड घालण्यास मदत करतो. एकट्याने केलेले चिंतन स्वतःच्याच समजुतींची पुष्टी करीत राहण्याचा धोका असतो. स्टीफन ब्रूकफील्ड यांनी अध्यापकांसाठी सुचवलेली, स्वतःचा जीवनानुभव, विद्यार्थ्यांची दृष्टी, सहकाऱ्यांचे मत आणि सैद्धान्तिक साहित्य या चार भिंगांतून पाहण्याची पद्धत यासाठी उपयोगी पडते. समाजकार्यात विद्यार्थ्यांच्या जागी सेवार्थीची दृष्टी येते.

मृत्यू, अत्याचार, आत्महत्येचा प्रयत्न यांसारख्या प्रसंगांना सामोरे गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत लेखनाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या अभ्यासात आघाताविषयी तथ्ये व भावना दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक उदास वाटल्याचे, मात्र पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या भेटी कमी झाल्याचे आढळले. लेखनाचा लाभ उशिरा आणि त्रास आधी होऊ शकतो. म्हणून अशा प्रसंगानंतर विद्यार्थ्याला वहीच्या भरवशावर न सोडता पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष बोलणे आणि गरज असल्यास समुपदेशन उपलब्ध करून देणे आवश्यक असते.

## गोपनीयता आणि कायदेशीर बाबी

रोजनिशी विद्यार्थ्याची असली तरी तिच्यातील आयुष्य इतरांचे असते. सेवार्थीने सेवा मिळवण्यासाठी माहिती दिलेली असते; विद्यार्थ्याच्या वहीत स्थान मिळावे म्हणून नव्हे. त्यामुळे नोंदीत खरे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, शाळेचे नाव, प्रकरण क्रमांक टाळले जातात. केवळ नाव बदलणे पुरेसे नसते. लहान गावात 'सरपंचांच्या घराशेजारची विधवा' एवढ्या वर्णनानेही ओळख उघड होते. वही प्रवासात हरवू शकते, भ्रमणध्वनीतील नोंद घरातील इतरांच्या हाती पडू शकते आणि समूह चर्चेत वाचलेला प्रसंग वर्गाबाहेर जाऊ शकतो.

भारतातील काही कायदे या संदर्भात महत्त्वाचे आहेत.

* बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या प्रक्रियेतील बालकाची ओळख उघड होईल अशी माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.
* मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजार व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे.
* एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ व्यक्तीची एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्यावर बंधने घालतो.
* लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) च्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अपराध घडल्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा दंडनीय गुन्हा आहे.

शेवटची तरतूद विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बालकाने सांगितलेली अत्याचाराची गोष्ट रोजनिशीत प्रामाणिकपणे लिहिणे आणि आठवड्याच्या चर्चेची वाट पाहणे म्हणजे ती कळवणे नव्हे. अशा वेळी विद्यार्थ्याने त्याच दिवशी संस्थेतील मार्गदर्शकाशी व महाविद्यालयीन पर्यवेक्षकाशी संपर्क साधणे अपेक्षित असते. बालकाला गुप्ततेचे संपूर्ण वचन न देणे, ही क्षेत्रकार्यापूर्वी शिकवली जाणारी बाब आहे.

## मूल्यमापन

रोजनिशीला गुण द्यावेत की नाही याविषयी मतभेद आहेत. गुण नसल्यास अनेक विद्यार्थी लेखन टाळतात किंवा सत्राच्या शेवटी सर्व नोंदी एकदम लिहून काढतात. गुण असल्यास विद्यार्थी परीक्षकाला आवडेल ते लिहिण्याची शक्यता वाढते. यावर संस्थांनी विविध मार्ग काढले आहेत. काही ठिकाणी रोजनिशी नियमित ठेवली एवढेच पाहिले जाते. काही ठिकाणी मूळ वही खासगी राहते आणि तिच्या आधारे विद्यार्थ्याने निवडून लिहिलेला चिंतनपर निबंध तपासला जातो. गुण दिले जातात तेथे निरीक्षण व अनुमान यांतील भेद, गृहीतकांचा शोध, सिद्धान्ताचा वापर आणि पुढील कृतीतील बदल असे निकष आधी सांगितले जातात. विद्यार्थ्याच्या भावनांना किंवा खासगी आयुष्यातील तपशिलाला गुण देऊ नयेत, यावर बऱ्यापैकी सहमती आहे.

## टीका आणि मर्यादा

चिंतनशील लेखनावरील टीका मुख्यतः चार प्रकारची आहे.

पहिली टीका सक्तीच्या प्रामाणिकपणाविषयी आहे. ब्रूस मॅकफार्लेन आणि लेस्ली गुर्ले यांनी २००९ मध्ये असे मांडले की मूल्यमापनासाठी लिहिलेले चिंतन हा एक खेळ बनतो. त्यात विद्यार्थी आपल्या चुकांची कबुली देऊन सुधारल्याचे नाट्य सादर करतो. अशा लेखनात आरंभी अज्ञान, मध्ये धक्का आणि शेवटी बोध असा साचा ठरून जातो.

दुसरी टीका सत्तेसंबंधी आहे. विद्यार्थ्याचे अंतरंग वाचणारा पर्यवेक्षकच त्याच्या उत्तीर्णतेचा निर्णय घेतो. संस्थेतील गैरप्रकार, मार्गदर्शकाचे वर्तन किंवा स्वतःचा मानसिक आजार याविषयी लिहिणे विद्यार्थ्याला महागात पडू शकते. रोजनिशी कोण वाचणार, किती काळ ठेवली जाणार आणि कोणता भाग झाकून ठेवण्याची मुभा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करावे, असा उपाय यावर सुचवला जातो.

तिसरी टीका अशी की हे साधन लेखनात सराईत असणाऱ्यांना झुकते माप देते. उत्तम काम करणारा विद्यार्थी लिहिण्यात अडखळू शकतो आणि सफाईदार लिहिणारा वस्तीत अपयशी ठरू शकतो. म्हणून ध्वनिमुद्रित नोंद, रेखाचित्र, वस्तीचा नकाशा, जोडीने केलेली चर्चा यांनाही चिंतनाचे साधन मानले जाते.

चौथी टीका समाजकार्याच्या उद्दिष्टांतून येते. सतत स्वतःकडे पाहण्याच्या सवयीमुळे सेवार्थीचा प्रश्न कार्यकर्त्याच्या भावनिक प्रवासाची पार्श्वभूमी होऊन बसतो. पाणी, रेशन, घर किंवा वेतन मिळवून देण्याचे काम चिंतनाने होत नाही. या टीकेला उत्तर देताना अभ्यासक नोंदीच्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे पुढील कृतीकडे लक्ष वेधतात. ज्या नोंदीनंतर कामाची पद्धत, भेटीची वेळ, विचारलेला प्रश्न किंवा संस्थेकडे केलेली मागणी यांपैकी काहीच बदलत नाही, ती नोंद समाजकार्याच्या अर्थाने अपुरी मानली जाते.

## हे सुद्धा पहा

* समाजकार्य
* व्यक्तिसहाय्य कार्य
* समुदाय संघटन
* अनुभवाधारित शिक्षण
* जॉन ड्यूई
* टाटा सामाजिक विज्ञान संस्था